खलपुरुषावाचून

कोरियन मालिकांचे नाव काढताच लोक राजपुत्र, सूड आणि स्मृतिभ्रंश यांचीच अपेक्षा धरतात. परंतु शिन वॉन-हो यांनी दिग्दर्शित केलेली आणि 2015 च्या अखेरीस प्रक्षेपित होऊ लागलेली 'रिप्लाय 1988' ही मालिका मी ज्या निष्ठेने पाहिली, त्या निष्ठेचे कारण या सामग्रीत शोधू जाणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. सोल शहरातील सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीत पाच कुटुंबे नांदतात. सायंकाळी या घरचे कालवण त्या घरी पोचवायला मुलांना पिटाळले जाते, आणि वाडगा सहसा रिकामा परतत नाही. मित्राला जामीन राहून कर्जबाजारी झालेला बँकेतील एक सज्जन शेजाऱ्याच्या अर्ध्या तळघरात संसार थाटतो; त्याची मधली मुलगी दोकसन ऑलिंपिकच्या उद्घाटनसंचलनात मादागास्करचा फलक धरण्याची मनोभावे तालीम करते, आणि तो देश ऐन वेळी बहिष्कार घालून मोकळा होतो. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या दप्तरात एका ओळीने निकालात निघणारी ही घटना शाळकरी मुलीच्या आक्रोशातून प्रत्ययास आणून देणे, हेच लेखिका ली वू-जंग यांचे सामर्थ्य होय. वीस भागांचे कुतूहल एकाही खलपुरुषावाचून टिकवता येते, याचा इतका भरभक्कम दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही.