परत फिरण्याची तयारी
एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचे ठरले की आपल्याकडची तयारी बहुधा पायांपासून सुरू होते आणि पायांशीच संपते. जिने चढणे, पाठीवर वजन, दर रविवारी सिंहगड. हे हवेच, दमलेला माणूस उतारावर घसरतो. पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच, आणि नेपाळमध्ये जिथून चालायला सुरुवात होते तो लुक्लाचा विमानतळच त्याहून हजारभर मीटर वर आहे. ५३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. या विरळ हवेशी शरीर किती लवकर जुळवून घेईल, हे तंदुरुस्तीवर ठरत नाही. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो, डोकेदुखी अंगावर काढतो, आणि मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका ओढवून घेतो.

म्हणून खरी तयारी मनाची: त्रास लपवायचा नाही, वाढला तर उतरायचे, हे घरीच पक्के करणे. कुणी म्हणेल, रजा मोजकी, पैसे भरलेले, शिवाय डायमॉक्स आहेच. ते औषध विरळ हवेशी जुळवून घ्यायला मदत करते, पण विश्रांतीच्या दिवसांची जागा घेत नाही. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम रजेचा अर्ज लिहिण्याआधी वाचायला हवा. तेवढी रजा नसेल, तर कमी उंचीचा ट्रेक निवडावा. आणि कुणाला उतरावे लागलेच, तर सोबत कोण जाणार हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. मग आजारी माणूस वेळेवर तोंड उघडतो.