उलटे कोरले, सुलटे उमटले

जवसाची चटणी लातूरच्या कुठल्या घरात होत नाही? पण याच जवसाच्या तेलापासून चित्र छापण्याचा ठोकळा बनतो, हे आम्हाला अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. ते शिकवले आमच्या लेकीने.

तिची दहावीची परीक्षा संपली तेव्हा चित्रकलेच्या सरांनी तिला लिनोलियमचा एक तुकडा आणि कोरायची हत्यारे दिली. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1860च्या दशकात लिनोलियम शोधले, तेही जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचे तेल हवेत मुरवून घट्ट करायचे, त्यात बुचाचा भुगा कालवायचा आणि तागाच्या कापडावर थापायचे. पुढे चित्रकारांनी ते कोरायला घेतले. लाकडासारख्या शिरा त्यात नसतात, त्यामुळे हत्यार हवे तिकडे वळते.

काम दिसायला सोपे. जो भाग पांढरा राहायला हवा तो खरवडून काढायचा, उरलेल्यावर रोलरने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचे. पण पहिल्याच दिवशी तिने डावा हात पात्याच्या पुढे ठेवला आणि बोट कापून घेतले. तेव्हापासून घरात नियम झाला: हत्यार अंगापासून दूर ढकलायचे, दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. तुकडा कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवायचा, म्हणजे मऊ पडतो. लातूरला उन्हाची कमी नाही.

मग तिने दादीसाठी ‘घर’ हा शब्द उर्दूत कोरला. छापून पाहते तर अक्षरे उलटी! दादीने कागद आरशासमोर धरून वाचला आणि म्हणाली, “बेटी, तुझं घर तर पाठ फिरवून बसलंय.” आता ती आधी ट्रेसिंग पेपरवर लिहिते, कागद पालथा करून ठोकळ्यावर उतरवते आणि मगच हत्यार उचलते.

पुढे तिला आयत कोरायची इच्छा झाली. इथे दादीने थांबवले. सुरुवातीचे पाच-सहा छाप बिघडतात आणि कचऱ्यात जातात. कोरलेला भुगा पायाखाली येतो. अल्लाहचे नाव असे पडू नये, हे लेकीलाही पटले. तसवीर काढावी की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. पण खिडकीची जाळी, कडुलिंबाची डहाळी, साधे शब्द यांना कोणाचीच हरकत नव्हती. तिने तिथूनच सुरुवात केली.

इथवर सगळे ठीक होते. एक दिवस तिने विचारले, “अब्बा, मी पुढे हेच शिकू का?” लातूर पॅटर्नच्या गावात कोणताही बाप देईल तेच उत्तर आम्ही दिले: आधी नीट, मग छंद. ती काही बोलली नाही. दोन आठवडे हत्यारांचा डबा उघडलाच नाही. ते आम्हाला बोचत राहिले.

म्हणून आम्ही जरा माहिती काढली. 1930 साली दांडीयात्रेच्या वेळी नंदलाल बोस यांनी काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवरच कोरले. काळ्यावर पांढऱ्या रेषांचे ते चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. झरीना हाशमी यांची गोष्ट तर आमच्या घराला अधिकच जवळची वाटली. 1937 साली अलीगढला जन्म, अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून गणिताची पदवी, आणि नाव झाले ते ठशांच्या चित्रांमुळे. 1999 साली त्यांनी घराच्या आठवणींवर 36 चित्रांचा एक संच लाकडी ठशांनी छापला. प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द आहे. त्यात ‘घर’ही आहे. हे ऐकून दादीचे डोळे भरून आले.

झरीना होणे प्रत्येकीच्या नशिबी नसते आणि रोजीरोटीची काळजीही खोटी नाही. पण वाट अगदीच बंद नाही. बारावी कुठल्याही शाखेतून करून राज्याची कला प्रवेशाची सीईटी देता येते. शासकीय कला महाविद्यालय मुंबईतच नाही, छत्रपती संभाजीनगरलाही आहे. चित्रकला शिक्षक, पुस्तकांची सजावट, कापडावरची नक्षी, अशी कामेही आहेत. हे काहीच माहीत नसताना आम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे झालो होतो.

शेवटी घरात असे ठरले: अकरावी-बारावी विज्ञानातूनच, पण बारावीला दोन्ही परीक्षांचे अर्ज भरायचे. निवड तिची. तोवर रविवारची दुपार लिनोची, त्या वेळी कोणी तिला अभ्यासावरून बोलायचे नाही.

लिनोत एकदा खरवडलेले परत भरता येत नाही. लेक म्हणूनच प्रत्येक रेषेआधी थांबते. मुलांना उत्तर देण्याआधी आपणही तेवढे थांबावे, असे आम्हाला आता वाटते.

सुलटे उमटलेले ‘घर’ दादीच्या पलंगावरच्या भिंतीवर लावले आहे. खाली पेन्सिलने 1/8 लिहिले आहे, म्हणजे आठांपैकी पहिला छाप. उरलेले सात नातेवाइकांनी आधीच मागून ठेवले आहेत.