1855 ची बाटली

पावसाळ्यात मुळशीतल्या दवाखान्यात पाय घसरून पडलेले ज्येष्ठ रुग्ण नेहमीच येतात. गेल्या महिन्यात एक सूनबाई मात्र सासऱ्यांच्या फाइलबरोबर कापडी पिशवीत गुंडाळलेली लाल वाईनची अर्धी बाटली घेऊन आल्या. आजोबा शहात्तर वर्षांचे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, शिवाय रक्तदाबाची गोळी. नातवाने फ्रान्सहून आणलेली ही वाईन ते ‘हृदयासाठी’ रोज रात्री पेलाभर घेत. त्या रात्री भूक नाही म्हणून भाकरी टाळली, गोळी आणि पेला मात्र चुकला नाही. पहाटे न्हाणीघराच्या दाराशी ते घामाघूम होऊन बसलेले, बोलणे असंबद्ध. घरच्यांचा समज झाला की चढली असावी. सूनबाईंनी शंका येऊन ग्लुकोमीटर लावला, तेव्हा साखर 48 निघाली.

“डॉक्टर, ही साधी नव्हे, 1855 सालची आहे,” आजोबा मला म्हणाले. वाईन तेवढी जुनी नव्हती. तो आकडा प्रतवारीचा होता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या नामवंत मळ्यांच्या लाल वाईनच्या पाच श्रेणी लावल्या. जवळजवळ सगळे मळे मेदोक भागातले, अपवाद ओ-ब्रिआँचा. ही यादी इतकी अढळ की 1973 मध्ये मुताँ-रोथशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली, तो मोठाच प्रसंग ठरला. श्रेणी ठरल्या त्या बाजारातील भाव आणि लौकिक पाहून. दलालांपुढे कोणाचा ईसीजी नव्हता. आपल्या जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात वाईननिर्मिती सुरू केली, पुढे नाशिक त्यासाठी प्रसिद्ध झाले. शरीराच्या दृष्टीने बोर्दो काय आणि नाशिक काय, मद्यार्क तोच.

मग हृदयाची गोष्ट आली कोठून? फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने तुलनेने कमी दगावतात, याचे श्रेय 1990 च्या दशकारंभी लाल वाईनला दिले गेले. पुढे त्या निष्कर्षांतील उणिवा दिसल्या. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेलेही होते आणि बेताने पिणारे बहुधा सुस्थितीतले असत. द्राक्षाच्या सालीतील ज्या रेझव्हेरट्रॉलचे कौतुक होते, ते पेल्यात अत्यल्प असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे स्पष्ट केले. कर्करोगाचा धोका हे त्याचे एक मुख्य कारण.

दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात, तेरा टक्के वाईन असेल तर, सुमारे पंधरा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच पेल्याने रक्तातील मद्यार्क तरुणपणापेक्षा अधिक चढतो. उपाशीपोटी रक्तातील साखर सावरण्याचे काम यकृत करते. मद्यार्काचा निचरा करण्यात गुंतलेले यकृत त्यात कमी पडते. इकडे ग्लिमेपिराइड इन्सुलिन वाढवीतच असते. त्यातून पहाटेचा तो प्रसंग ओढवला. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. झोपेच्या गोळीबरोबर मद्य घेतल्यास श्वसन मंदावू शकते, वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाची भीती. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना उठताना भोवळ येते, आणि या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, हे अनेक घरांनी सोसले आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, मधुमेही ज्येष्ठ बरळत असतील, घामेजले असतील तर ‘चढली’ म्हणून झोपू देऊ नका. साखर तपासा, यंत्र नसेल तरी थांबू नका. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. साखर वर आली तरी डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच काळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते.

एक सांगायचे राहिले. जे वर्षानुवर्षे रोज भरपूर पितात, त्यांची बाटली घरच्यांनी एका दिवसात लपवू नये. एकाएकी बंद केल्याने कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. आमच्या आजोबांची तशी स्थिती नव्हती. उरलेली बाटली सूनबाई मोरीत ओतणार होत्या. नातवाची भेट म्हणून त्यांनी ती रिकामी करून, धुऊन, कपाटावर ठेवावी, एवढीच आजोबांची अट होती.