पहिल्या नंबराचा मोह

इतिहासातला सर्वांत प्रभावशाली माणूस कोण, या प्रश्नावर आपल्या समाजात चर्चा होत नाही, कारण उत्तर आधीच तयार असते. रबीउल अव्वलचा महिना लागला की मिलादच्या जलशात, सीरतच्या वक्तृत्व स्पर्धेत, जुम्याच्या तकरीरीत एक वाक्य हमखास ऐकू येते. मायकल हार्ट नावाच्या एका गैरमुस्लिम अमेरिकन लेखकाने जगातल्या शंभर प्रभावशाली व्यक्तींची यादी केली आणि तिच्यात हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) पहिला नंबर दिला! 'सुभानल्लाह'चा गजर होतो. सातवीतला मुलगाही हे वाक्य घडाघडा म्हणतो आणि बक्षीस घेऊन जातो.

आमचा विरोध या गजराला आहे. तो का, हे समाजबांधवांनी शांतपणे ऐकून घ्यावे.

हार्टचे पुस्तक १९७८ मध्ये आले आणि १९९२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात दुसरा नंबर न्यूटनचा, तिसरा हजरत ईसांचा, सातवा कागद शोधणाऱ्या त्साय लुन या चिनी माणसाचा. याच यादीत चंगेजखान आहे, स्टॅलिन आहे, हिटलरही आहे. आपण प्रभाव मोजतो आहोत, थोरवी नव्हे, असे हार्टने स्वतःच स्पष्ट केले आहे. ते आपले वक्ते कधी सांगत नाहीत. ज्या फूटपट्टीने हिटलरला जागा मिळते, त्याच फूटपट्टीने आपल्या रसूलची उंची मोजून घेण्यात कसला अभिमान?

पुढची गोष्ट याहून कडू आहे. याच हार्टने १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत वंशानुसार त्या देशाची फाळणी करावी, अशी मांडणी केली. गोऱ्यांचा मुलूख वेगळा असावा, असे म्हणणारा हा गृहस्थ! आणि आपण कोणाचे उम्मती? हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, असे बजावणाऱ्या पैगंबरांचे. ज्यांच्यावर आपण रोज दरूद पाठवतो, त्यांच्यासाठी अशा माणसाचे शिफारसपत्र मिरवायचे? हे प्रेम नव्हे. हा आपल्या मनातला न्यूनगंड आहे. कोणा गोऱ्याने पाठ थोपटल्याशिवाय आपला आपल्यावर विश्वास बसत नाही.

काहीजण म्हणतील, हे मास्तर पैगंबरांची शान कमी करू पाहतात. उलट आहे. आपल्या अकीद्यानुसार ते रसूल आहेत, अल्लाहचा संदेश आणणारे. न्यूटन, मार्क्स यांच्या रांगेत त्यांना उभे करून शर्यत लावणे, हेच मुळात त्यांच्या शानेला शोभत नाही. रिसालतीचा प्रश्न वेगळा, विचारवंतांचा वेगळा. विचारवंतांपुरता हा प्रश्न आपल्यालाही मोकळ्या मनाने विचारता येतो.

आणि मोकळ्या मनाने विचारला, की याद्यांचा पोकळपणा लगेच दिसतो. १९९९ मध्ये बीबीसीने सहस्रकातला सर्वांत मोठा विचारवंत निवडायला सांगितला, तेव्हा मार्क्स पहिला आला. २०१२ मध्ये आपल्या देशात गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय कोण, यावर कौल घेतला गेला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर पहिले आले. बाबासाहेबांचे मोठेपण कौलाने वाढले नाही, आणि हार्टच्या शंभरांत त्यांचे नाव नाही म्हणून ते कमीही झाले नाही.

मग प्रभाव ओळखायचा कसा? आम्हाला एकच रीत पटते. ज्या मुलाच्या हाती कालपर्यंत पाटी येऊ शकत नव्हती, त्याच्या हाती ती कोणामुळे आली, हे मागे मागे शोधत जावे.

आमच्या सातारा जिल्ह्यात ही वाट शोधणे अवघड नाही. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या मुलाने पुढे बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहू लागली. भाऊरावही सत्यशोधक, म्हणजे पुन्हा जोतीरावांकडेच आलो. हे जोतीराव मूळचे कुठले? कटगुणचे. वडूज ज्याचे मुख्य ठिकाण, त्याच आमच्या खटाव तालुक्यातले त्यांचे घराणे. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही याच जिल्ह्यात.

जोतीरावांच्याही मागे एक पाऊल जावे. लहानपणी त्यांची शाळा मधेच बंद झाली होती. माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असे लोकांनी वडिलांच्या मनात भरवले होते. तेव्हा शेजारच्या गफार बेग मुन्शी या उर्दू-फारसीच्या शिक्षकाने, आणि लिजिट नावाच्या एका ख्रिस्ती सद्गृहस्थाने, गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला. सात वर्षांनी त्याने पुण्यात मुलींची शाळा उघडली. घराबाहेर पडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी या जोडप्याला आसरा दिला, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीला उभ्या राहिल्या.

गफार बेग मुन्शींचे नाव कोणत्या शंभरांत आहे? कोणत्याच नाही. ते पहिल्या नंबराच्या शोधात निघाले नव्हते. एका बापाच्या दारात जाऊन 'पोराला शाळेत पाठवा' एवढेच त्यांनी सांगितले.

आपण मात्र हार्ट पाठ केला आणि मुन्शींना विसरलो. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने फातिमा शेख हे आपणच रचलेले काल्पनिक पात्र आहे, असा दावा केला. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. हे पत्र आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? एकाही वक्तृत्व स्पर्धेत आम्ही ते ऐकलेले नाही.

हा वाद नुसता नावांचा नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की सहा ते चौदा वयोगटातली पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत, किंवा त्यांनी शाळा सोडली. त्या आकड्यामागची कारणे आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक रोज पाहतो. छोट्या गावातली उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढचे हायस्कूल मराठी माध्यमाचे. काल जी मुलगी 'झियाई तालीफ' शिकत होती, तिने उद्या 'प्रकाशसंश्लेषण' म्हणायचे. 'हरारत'ची 'उष्णता' होते आणि हुशार मुलगी ढ ठरते. त्यात एसटीचा प्रवास, त्यात घरात लग्नाची बोलणी. ती गळते. तिच्या बापाच्या दारात जायला आज मुन्शी कोण?

बदरच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, असे पैगंबरांनी ठरवले. हा प्रसंग प्रत्येक वक्त्याला माहीत आहे. शत्रूकडूनही शिका, पण शिका, हा त्याचा अर्थ. जोतीरावांनी सार्वजनिक सत्यधर्माच्या पुस्तकात एक कुटुंब कल्पिले. त्यात प्रत्येकजण आपापला धर्मग्रंथ वाचून धर्म निवडतो आणि सगळे प्रेमाने एकत्र नांदतात. त्या घरातली कुराण वाचणारी व्यक्ती कोण? मुलगी! आपल्या घरातली मुलगी मात्र आठवीच्या पुढे काहीच वाचणार नसेल, तर पहिल्या नंबराचा गजर कोणासाठी?

यंदाच्या सीरत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमचे आवाहन आहे. 'जगात पहिला कोण' हा विषय काढून टाका. त्याऐवजी 'आपल्या मोहल्ल्यातली कोणती मुलगी आठवीनंतर शाळेत आली नाही, आणि तिच्या घरी कोण जाऊन आले' हा विषय ठेवा. बक्षीस बोलणाऱ्याला देऊ नका, जाऊन आलेल्याला द्या. मराठीचे शब्द शिकवणारा एक वर्ग उर्दू शाळेतच सातवीपासून सुरू करा. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. मशिदीचा ओटा आणि सुट्टीतला एक शिक्षक पुरे. हे जमले, तर प्रभाव कोणाचा, हे कोणा हार्टला विचारायची वेळ आपल्यावर येणार नाही.