मॅक्रो की टेलिफोटो? मागच्या धूसरपणाचा हिशेब

माझा एक जुना विद्यार्थी लग्न-वलिम्यांचे फोटो काढून घर चालवतो. परवा त्याचा फोन आला. "अस्सलाम अलैकुम सर. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स हप्त्यावर घेतोय. फुलपाखरामागचं बॅकग्राऊंड मलाईसारखं पाहिजे." मी म्हटलं, वालेकुम अस्सलाम, पण पहिला हप्ता भरायच्या आधी दहा मिनिटं ऐक. त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मॅक्रो घेतली की मागचं आपोआप जास्त पुसलं जातं हा समज मला जागोजागी भेटतो.

(या धूसरपणाला फोटोग्राफर मंडळी 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे, पण मराठी कानाला मांजरंच आठवतात. मी आपला धूसरपणाच म्हणतो.)

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एकच फुलपाखरू दोन लेन्सनी सारख्याच आकाराचं टिपायचं आहे असं धरा, प्रत्यक्षाच्या पाव पट. दोन्हीकडे एफ ८. १०० मिमीला साधारण अर्ध्या मीटरवर जावं लागेल, ३०० मिमीला दीड मीटर पुरे. फुलपाखरू किती खोलीपर्यंत स्पष्ट येईल? दोन्हीत जवळपास सारखंच, जेमतेम एक सेंटीमीटर. इथेच बहुतेकजण चकतात. स्पष्टतेची खोली सारखी म्हणजे मागचा धूसरपणाही सारखा, असं नसतं. फुलपाखरामागे दोन मीटरवर भिंत असेल, तर १०० मिमीमध्ये तिचा सुमारे ७२ सेंटीमीटर रुंद तुकडा येतो, ३०० मिमीमध्ये फक्त ३४. शिवाय भिंतीवरच्या प्रत्येक ठिपक्याची सेन्सरवर पहिल्या लेन्सने अडीच मिलिमीटरची चकती होते, दुसऱ्या लेन्सने सव्वापाचच्याही वर. एफ ८ हा आकडा दोन्हीकडे एकच, पण प्रत्यक्ष छिद्र एकाचं साडेबारा मिलिमीटर आणि दुसऱ्याचं साडेसदतीस.

छिद्राचा हा खेळ बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी तपासला होता. ग्रहणातल्या सूर्याची कोर बारीक भोकातून भिंतीवर उमटते, भोक मोठं केलं की कोर हरवते आणि गोल ठिपका उरतो. आपल्या फोटोत मागच्या दिव्यांच्या चकत्या होतात त्या याच नात्याने. त्याच्या 'किताब अल-मनाज़िर'चं नाव काढलं की उर्दूच्या वर्गातली मुलं विचारतात, मनाज़िर म्हणजे देखावे ना, सर?

टेलिफोटो जादू करत नाही. फुलपाखराच्या दोन सेंटीमीटर मागे काटकी असेल तर ती दोन्ही लेन्समध्ये जवळपास सारखीच खुपेल. तिथे पाऊलभर बाजूला सरकणं हाच इलाज.

मॅक्रो हवीच अशा जागा आहेत. मुंगीचा डोळा, पराग, दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब. पण प्रत्यक्षाइतका मोठा फोटो काढायचा तर १०० मिमी मॅक्रोचं तोंड वीतभराच्याही आत न्यावं लागतं आणि एफ ८ ला स्पष्ट खोली मिळते सुमारे एक मिलिमीटर. फुलपाखरू तोवर थांबत नाही. फूल थांबतं, आणि खरा त्रास तिथेच आहे. कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात बोटभर उंचीची झाडं. सीतेच्या आसवांचा एक फोटो काढायला माणूस पोटावर आडवा झाला की त्याच्या कोपराखाली किती चिरडली, ते फोटोत येत नाही. मागचं सगळं सुंदर पुसलेलं असतं! ज्या फुलासाठी इतक्या लांबून यायचं, त्याच्याच शेजाऱ्यांवर लोळायचं, हे मला पटत नाही. वाटेवर उभं राहून लांब लेन्सने जे मिळेल ते घ्यावं. नाही मिळालं तर नाही मिळालं.

म्हणून पोराला म्हटलं, तुझ्याकडे ५५-२५० आहे ना? ती एक मीटरच्या आसपासवरून जवळपास ०.३ पट देते. तुझ्या छोट्या सेन्सरवर साडेसात सेंटीमीटरची चौकट भरते, फुलपाखराला तेवढं बास. आणखी जवळ जायचं असेल तर पुढे दोन डायॉप्टरचं क्लोज-अप भिंग लाव. २५० वर अर्धी पट मिळेल आणि तरी तू अर्धा मीटर लांब राहशील. लेन्सच्या मानाने ते फारच स्वस्त पडतं.

आणि एक अट घातली. प्रत्येक धूसर फोटोमागे एक फोटो एफ १६ ला, ज्यात झाड ओळखू येईल. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते. रुईच पुसून टाकली तर ते फुलपाखरू तिथे का होतं, हे बघणाऱ्याला कसं कळणार?

आठवड्याने त्याने दोन्ही पाठवले. पहिल्यात प्लेन टायगर आणि मागे सलग, मऊ हिरवा रंग. मी विचारलं, कुठे काढलास? म्हणाला, "दुसरा बघा ना सर." दुसऱ्यात रुईचं झुडूप होतं, आणि त्यामागे आमच्या कब्रस्तानाची शेवाळलेली भिंत.