घरचा हिशेब : किलोला एक बाटली!

मैत्रिणींनो, मे महिना लागला की आमच्या रत्नागिरीत घरोघरी रातांबे फुटू लागतात. हात लाल, पदर लाल, ओटासुद्धा लाल! आणि दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "वहिनी, एवढ्या रातांब्यांचं अमृत कोकम किती होईल हो?"

हा प्रश्न साधा नाही. गेल्या वर्षी मी त्यातच फसले.

१० किलो रातांबे आणले. बिया नि गर काढून निम्मी, म्हणजे ५ किलो साल निघाली. सालीच्या दुप्पट साखर, म्हणजे १० किलो. एकूण १५ किलो. मी मनाशी म्हटलं, १५ लिटर झालं, पाऊण लिटरच्या २० बाटल्या! लगेच वीस जणींना शब्द दिला, आगाऊ पैसे घेतले आणि त्यातून मुलाची शाळेची फी भरली.

आठ दिवसांनी गाळलं, तर बाटल्या भरल्या अकरा! वर कपभर उरलं, तेवढंच.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तराजूनं घेतलंस आणि बाटलीनं विकायला निघालीस. मधलं कोण मोजणार?"

खरंच होतं. चोथ्यात पावणेचार किलोच्या आसपास राहिलं, पाक उतरला सव्वाअकरा किलो. आणि साखरेचा दाट पाक पाण्यापेक्षा जड. त्याचा एक लिटर सव्वा किलोहून जास्तच भरतो. म्हणून साडेआठ लिटरच. उरलेल्या नऊ जणींसाठी हंगामाच्या शेवटी महाग रातांबे घेतले, पदरचे पैसे घातले. पण शब्द पाळला.

कॅनडातली माझी नणंद सांगत होती, तिकडे घरी वाइन करायचे तयार संच मिळतात. खोक्यावरच छापलेलं असतं: २३ लिटर, म्हणजे सुमारे ३० बाटल्या. आपल्या रातांब्यांवर कोण छापणार? म्हणून आपणच लक्षात ठेवायचं: एक किलो रातांब्यांना पाऊण लिटरची एक बाटली. साल पातळ असेल तर थोडं कमीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' जात जाड सालीची आहे, मिळाली तर तीच घ्या.

कृती थोडक्यात: रातांबे धुऊन पुसून कोरडे करा. सालीच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत रचा. तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, रोज कोरड्या लाकडी डावाने हलवा. अॅल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको, आंबटपणानं कळकतं. पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, नाहीतर सरबत फसफसेल.

दोन मोठे चमचे पाक नि पाचपट पाणी. एका बाटलीत साधारण २५ पेले होतात. चवीला मीठ नि जिरेपूड. बिया वाळवून ठेवा, कोकमाच्या तेलासाठी. भेगाळलेल्या टाचांना ते उत्तम.

आणि विकणार असाल, तर रातांबे, साखर, बाटल्या आणि स्वतःची मजुरी मिळवून बेरजेला अकरानं भागा, विसानं नव्हे. मजुरी धरायला लाजू नका. आधी गाळा, मग मोजा, आणि मगच शब्द द्या.