उष्णता की रक्तस्राव?

शौचावाटे रक्त गेले की आपल्या घरांतून दोनच निदाने होतात : थोरांना मूळव्याध आणि पोराला उष्णता. मग सब्जा, गुलकंद सुरू होतो. पुष्कळदा निभावतेही, पण नेहमीच नाही.

'मेकेलची पिशवी' घ्या. गर्भाचे आतडे बेंबीवाटे पीतककोशाशी जोडणारी नळी जन्मापूर्वीच नाहीशी व्हावयाची; शंभरांत सुमारे २ जणांत तिचा अंश लहान आतड्याच्या शेवटाजवळ उरतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेकेल यांनी १८०९ साली हा उगम उलगडला. बहुतेकांना जन्मभर तिचा उपद्रव नसतो. परंतु काही पिशव्यांत जठराचे अस्तर असते. त्यातील आम्लाने शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि पोटात न दुखताही लहान मुलाला भरपूर रक्तस्राव होतो. नेहमीच्या दुर्बिणी तेथवर सहसा पोहोचत नाहीत; टेक्नेशियमच्या तपासणीत ती पुष्कळदा सापडते. शस्त्रक्रियेने पिशवी, प्रसंगी आतड्याच्या तुकड्यासह, काढली की रक्तस्रावाचे मूळच जाते.

रोग दुर्मिळ खरा. पण जो कुणाच्या मनातच येत नाही, तो सापडणार कसा? आपण सारे डॉक्टर नव्हे. तरी 'आधी तपासणी, मग गुलकंद' एवढे घरी ठणकावून सांगणे, हे शिकलेल्या मुलामुलींचे काम आहेच.